पहिला तास तारे गोल, मग लांबट : खान्देशात माउंट मांडताना नेमकं काय तपासायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन रानात बसणाऱ्या मंडळींची एक तक्रार दर हिवाळ्यात येते. संध्याकाळी माउंटची, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या यंत्राची, मांडामांड नीट होते, ध्रुव धरला जातो (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखला जातो), पहिल्या काही फ्रेममध्ये तारे अगदी गोल येतात. दहा-साडेदहानंतर तेच तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट होऊ लागतात. मग गायडिंगच्या (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक आपोआप सुधारण्याच्या) आकड्यांची ओढाताण सुरू होते. अ‍ॅग्रेशन (दुरुस्तीचा जोर) वाढवून बघतात, कमी करून बघतात, एक्स्पोजर अर्ध्यावर आणतात. घरी येऊन पाहावं तर निम्म्या फ्रेम टाकून द्यायच्या लायकीच्या. पुढच्या अमावास्येला पुन्हा तोच प्रकार.

या तक्रारीत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो ‘पहिला तास’. माउंटचे गिअर सदोष असते किंवा लेन्सच वाकडी असती तर तारे पहिल्या फ्रेमपासून बिघडले असते. संध्याकाळी चांगलं चाललेलं रात्री बिघडतं, याचा अर्थ मधल्या वेळात काहीतरी बदललं. बदलू शकतील अशा गोष्टी मोजक्याच आहेत : पायाखालची जमीन, बॅटरीचा व्होल्टेज, दुर्बिणीच्या नळीचा कोन आणि हवेतला ओलावा. आपल्या भागात बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच दुखणं सापडतं. म्हणून सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी खाली वाकून ट्रायपॉडचे पाय बघा आणि मल्टिमीटर बाहेर काढा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आधी तारे कोणत्या दिशेला ताणलेत ते ओळखा

नुसतं ‘तारे लांबट येतात’ एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. तीन छोट्या चाचण्या करून घ्या. तिन्ही मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि पुढचे कित्येक तास वाचतात.

पहिली चाचणी : एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर घ्या, भरपूर तारे असलेल्या भागाचं. एवढ्या कमी वेळातही तारे लांबट असतील तर माउंटला दोष देऊ नका. दोष लेन्समध्ये, फ्लॅटनरच्या (कोपऱ्यांतले तारे सुधारणाऱ्या भिंगाच्या) अंतरात किंवा तिरक्या बसलेल्या कॅमेऱ्यात आहे. त्याचं शेवटी थोडक्यात सांगतो.

दुसरी चाचणी : गायडिंग बंद करून एक मिनिटाचं एक्स्पोजर लावा. सुरुवातीची दहा-पंधरा सेकंदं माउंटला आपलं काम करू द्या, मग हँडसेटवर सगळ्यात कमी वेग ठेवून आरएचं (पूर्व-पश्चिम हालचालीचं) बटण दहा सेकंद दाबून धरा. फोटोत प्रत्येक ताऱ्याला एक शेपटी येईल. ती शेपटी म्हणजे तुमच्या फ्रेममधली आरएची दिशा. तिला काटकोनात असेल ती डेकची, म्हणजे उत्तर-दक्षिण. हा फोटो जपून ठेवा, कारण कॅमेरा फिरवेपर्यंत तो रात्रभर उपयोगी पडतो. आता बिघडलेली फ्रेम त्याच्या शेजारी ठेवून बघा. तारे आरएच्या दिशेने ताणले असतील तर संशय वर्म गिअर (माउंट फिरवणारा मळसूत्री गिअर), तोल आणि वीज यांच्यावर घ्यायचा. डेकच्या दिशेने ताणले असतील तर ध्रुव चुकलेला आहे किंवा जमीन खचते आहे. दोन्हींच्या मध्येच तिरकी दिशा आली आणि आकाशाच्या वेगवेगळ्या भागांत ती बदलत गेली, तर काहीतरी लवतंय, वाकतंय किंवा ओढलं जातंय.

तिसरी चाचणी घरी बसून होते. रात्रभराच्या फ्रेम वेळेनुसार लावा आणि एकेक भराभर पुढे सरकवत बघा. बिघाड आठ-दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी येत-जात असेल तर तो वर्मचा ठेका आहे. ईक्यूसिक्स या माउंटचा वर्म सुमारे ४८० सेकंदांत एक फेरी पुरी करतो, एचईक्यूफाइव्हचा सुमारे ६३८ सेकंदांत. छोट्या ट्रॅकरमध्येही (नुसता कॅमेरा फिरवणाऱ्या छोट्या माउंटमध्ये) हा काळ दहा मिनिटांच्या आसपास असतो. बिघाड हळूहळू वाढत गेला तर कारण वेगळं, आणि मधेच एका फ्रेममध्ये सगळे तारे एकदम टुणकन सरकलेले दिसले तर अगदीच वेगळं. तशी उडी दिसली की थेट पुढचा भाग वाचा.

काळी माती

तापीच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन कापसाला आणि केळीला सोन्यासारखी, पण माउंटला ती आधार देत नाही. तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा थर नांगरलेला असेल तर तो आणखीच पोकळ. ट्रायपॉड, माउंट, वजनं, नळी, कॅमेरा मिळून सहज तीस किलोंच्या वर भार होतो आणि तो टेकतो तीन टोकदार पायांवर. पाय रात्रभर हळूहळू रुतत राहतात. डोळ्यांना काहीच कळत नाही.

किती रुतल्याने किती बिघडतं याचा हिशेब करून बघा. साधारण ट्रायपॉडमध्ये एका पायापासून उरलेल्या दोन पायांना जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर पाऊण मीटर धरा. एक पाय फक्त १ मिलिमीटर खाली गेला तर अख्खा माउंट साडेचार कलांच्या आसपास कलतो. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. मिलिमीटरचा दहावा भाग जरी एकाच एक्स्पोजरमध्ये खचला तरी आकाशाच्या काही भागात तारे २७ विकलांपर्यंत सरकतात. ४०० मिलिमीटरची नळी आणि ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा असेल तर एक पिक्सेल १.९४ विकलांचा होतो. म्हणजे चौदा पिक्सेलची उडी! गायडिंग मागून धावत जाऊन तारा पुन्हा जागेवर आणतं, पण तोवर फोटोत शेपटी उमटलेली असते. पीएचडी-टू या गायडिंगच्या सॉफ्टवेअरच्या आलेखात हे एकदम वर गेलेल्या टोकासारखं दिसतं आणि लोक त्याला वाऱ्याचा झोत समजून सोडून देतात.

जे गायडिंगशिवाय ट्रॅकरवर डीएसएलआर लावून काम करतात त्यांचं दुसरंही नुकसान होतं. संध्याकाळी नीट धरलेला ध्रुव रात्री तिथे राहत नाही. ध्रुव १० कलांनी चुकला तर तारा डेकमध्ये मिनिटाला जास्तीत जास्त २.६ विकला घसरतो. पाच मिनिटांत १३ विकला. २०० मिलिमीटरच्या लेन्सवर आणि ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ते तीन पिक्सेल होतात, म्हणजे लांबट तारा उघड दिसायला पुरेसे. आणि १० कला चुकायला पाय दोन-सव्वादोन मिलिमीटर रुतला की झालं.

रब्बीत यात आणखी एक भर पडते. यावलकडच्या एका मळ्यात हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. बांधापलीकडे गव्हाला पाणी चालू होतं. शेतीपंपाला थ्री-फेजची पाळी रात्रीची होती, लाईट आली तशी ऑटोस्टार्टरने मोटार उचलली आणि पाट भरून वाहायला लागला. माउंट बांधाच्या अलीकडे, कोरड्या दिसणाऱ्या जमिनीवर. अर्ध्या-पाऊण तासाने बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर बांधाकडच्या पायाभोवतीची माती रंगाने गडद झाली होती आणि पायाचं लोखंडी टोक पूर्ण आत गेलं होतं. वर पाणी कुठेच नव्हतं. ओल भेगांमधून आतल्या आत आली होती. मळेकरी काकांनी एवढंच विचारलं, “भाऊ, कुठे बसायचं ते आधी बोलला असता तर पाणी तिकडच्या अंगाने नसतं का फिरवलं?” त्यांचा सवाल रास्त आहे. ज्यांच्या रानात बसायचं त्यांना आज रात्री पाणी कोणत्या बाजूने जाणार आहे, हे दिवसाच विचारून घ्यावं.

उपाय खर्चिक नाहीत. मळ्यात खळं असेल तर तिथेच मांडा. पिढ्यान्‌पिढ्या तुडवून ती जागा घट्ट झालेली असते. मोटारीच्या खोलीपुढचा कोबा किंवा मुरमाचा रस्ता हाही चालतो, फक्त मोटार चालू असताना खोलीला लागून नको. काहीच नसेल तर एक फूट बाय एक फुटाचे शहाबादी फरशीचे तीन तुकडे गाडीत ठेवा. वरची भुसभुशीत माती फावड्याने बाजूला सारा, घट्ट थर लागला की त्यावर फरशी बसवा आणि पायाने दाबून ती डुगडुगत नाही ना ते बघा. डुगडुगणारी फरशी नुसत्या मातीहून वाईट. फरशीखाली घमेलंभर मुरूम टाकून धुमसाने ठोकला तर उत्तमच. नेहमी एकाच जागी बसत असाल तर एवढी मेहनत एकदाच करावी लागते.

मांडण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. बरेच जण रिकाम्या माउंटवर ध्रुव धरतात आणि नंतर वजनं, नळी चढवतात. भार आल्यावर पाय आणखी रुततात आणि धरलेला ध्रुव हलतो. आधी सगळा डोलारा चढवा, तोल साधा, प्रत्येक पायाच्या आडव्या पट्टीवर आपला भार देऊन पाय दाबून घ्या, मग अर्धा तास तसंच राहू द्या. ट्रायपॉडच्या दांड्या शक्यतो लांबवू नका. चहा, डबा, केबलची आवराआवर त्या अर्ध्या तासात होते. ध्रुव त्यानंतर धरा. रात्री दर दीड-दोन तासांनी पुन्हा मोजा. मोजायचं म्हणजे लगेच स्क्रू फिरवायचे असं नव्हे. चूक वाढत चालली आहे का आणि कोणत्या बाजूला, हे आधी कळू द्या. उंचीचीच चूक सतत एका दिशेने वाढत असेल तर बहुधा जमीन खचते आहे.

गच्चीवर बसणाऱ्यांना रुतण्याची भीती नाही, पण स्लॅबच्या मधोमध माउंट ठेवला तर चालण्याने तारे थरथरतात. खाली कॉलम असेल त्या कोपऱ्याकडे सरका. जुन्या धाब्याच्या घरावर मात्र मांडू नका. मातीचं छत लाकडी सऱ्यांवर असतं आणि माणूस एका टोकाला उभा राहिला तरी दुसरं टोक लवतं.

कुणाला कायमचा खांब उभारायचा असेल तर काळ्या मातीत दोन फूट खड्डा खणून काँक्रीट ओतू नका. पावसाळ्यात माती फुगून तो खांब तिरका होतो, उन्हाळ्यात भेगा पडून पुन्हा हलतो. खाली मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर घरबांधणीवाले काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल घेतात, तळाशी फुगीर असलेली. गावातल्या अनुभवी गवंड्याला किंवा इंजिनिअरला विचारून तसं काही करा.

वीज

दुसरं मोठं कारण. पहिला तास चांगला आणि नंतर बिघाड, हे बॅटरीचंही अगदी ठरलेलं लक्षण आहे.

आपल्याकडे घरात हमखास सापडणारी १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे फवारणी पंपाची, बहुतेक वेळा ८ एएचची (अँपिअर-तासांची). माउंटला एक-दीड अँपिअर, थंड होणाऱ्या कॅमेऱ्याला दोन-तीन, दव घालवणाऱ्या हीटरला एक-दीड, असं सगळं मिळून ५ अँपिअर धरले तर कागदावर ती दीड तासावर थोडी चालते. प्रत्यक्षात लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि एवढ्या ओढीवर ती लिहिलेली क्षमता देतही नाही. म्हणजे तासाभरातच व्होल्टेज उतरायला लागतो. माउंट एकदम बंद पडत नाही, आधी मोटार पावलं चुकवते. आरएमध्ये बारीक झटके येतात. कधी यूएसबीवरचा कॅमेरा किंवा गायड कॅमेरा मधेच गायब होतो आणि लोक केबल बदलत बसतात.

व्होल्टेज बॅटरीच्या टोकाशी मोजून उपयोग नाही. माउंटच्या पिनपाशी मोजा, आणि मोजताना माउंट वेगाने फिरत असू द्या, हीटर आणि कूलिंग चालू असू द्या. तिथे ११ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर तुमचं कारण सापडलं.

बॅटरी चांगली असूनही हा आकडा कमी येतो, तो वायरीमुळे. गाडी दूर उभी करून तिच्या बॅटरीवरून बारीक वायर ओढण्याची पद्धत आहे. पाऊण एमएमची तांब्याची वायर दहा मीटर टाकली, तर जाऊन-येऊन वीस मीटर होतात. तिचा रोध साधारण ०.४६ ओहम भरतो आणि ५ अँपिअरला त्यात २.३ व्होल्ट गळतात. बॅटरीशी १२.५ असलेला व्होल्टेज माउंटपाशी १०.२ होतो. त्याच ठिकाणी अडीच एमएमची वायर टाकली तर गळती ०.७ व्होल्टवर येते. गावातल्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात ती मिळते. सिगारेट लायटरची पिन मात्र काढून टाका. ती नुसत्या धक्क्याने सैल होते. स्क्रूने आवळणारा कनेक्टर लावा आणि मध्ये फ्यूज टाकायला विसरू नका.

माझा सल्ला असा की हीटर आणि कूलिंग एका बॅटरीवर, माउंट वेगळ्या बॅटरीवर. माउंटची स्वतःची भूक फार नसते. ती फवारणी पंपाची बॅटरी एकट्या माउंटला बरीच रात्र पुरते. पैसे घालायचेच असतील तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा उतरत नाही. आणि रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं असेल तर त्याच्या तारेजवळून स्वतःची कोणतीही वायर नेऊ नका. अंधारात हात तिकडे जाण्याचा धोका आहे.

आपला ध्रुव खाली आहे

जळगाव २१ अंशांवर, धुळे त्याहून किंचित कमी, चाळीसगाव साडेवीसच्या आत, तोरणमाळ बावीसच्या जवळ. ध्रुवाची उंची तेवढीच. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ज्या भागात आठशे वर्षांपूर्वी गोलगणित शिकवलं जात होतं तिथे आपण माउंटचा कोन अंदाजाने लावू नये, असं मला मनापासून वाटतं. पाटणादेवीचा परिसर अभयारण्यात येतो, त्यामुळे रात्री बसायचा विचार असेल तर आधी वन विभागाची परवानगी लागेल, हेही इथेच सांगून ठेवतो.

ध्रुव २१ अंशांवर असल्याने तीन अडचणी येतात.

एक म्हणजे तो दिसायलाच त्रास. हिवाळ्यात संध्याकाळी खेड्यावर धूर आणि धुरकं पसरलेलं असतं, उत्तरेला एखादं लिंबाचं झाड असलं की ध्रुवतारा त्यामागे. दिसला तरी ध्रुवतारा म्हणजे ध्रुवबिंदू नव्हे. तो सध्या बिंदूपासून सुमारे ३८ कला दूर आहे. पोलर स्कोपमध्ये (ध्रुव धरायच्या माउंटमधल्या छोट्या दुर्बिणीत) तारा बरोबर मधोमध आणून समाधान मानलं तर मिनिटाला १० विकलांची घसरण तुम्ही स्वतःच मांडून ठेवता. अ‍ॅपमध्ये त्या क्षणाची घड्याळातली जागा बघा आणि तारा वर्तुळावर तिथे बसवा. अ‍ॅपमध्ये वेळ आणि गाव बरोबर आहे ना, तेही बघा. ध्रुव अजिबातच दिसत नसेल तर नीना या सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट आकाशाच्या कोणत्याही भागात चालतं. पीएचडी-टूची ड्रिफ्ट पद्धत (तारा किती घसरतो ते पाहून ध्रुव धरायची) वेळखाऊ असली तरी तितकीच भरवशाची. सुरुवातीला उत्तर धरायला होकायंत्र चालतं. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. ते ट्रायपॉडवर ठेवून वाचू नका, लोखंडाने सुई फिरते. चार पावलं मागे उभं राहून दिशा धरा.

दुसरी अडचण वजनाच्या दांडीची. ध्रुव खाली असल्याने माउंटचा आरए अक्ष बराच आडवा पडतो आणि दांडी जवळजवळ सरळ खाली लोंबते, थोडी उत्तरेकडे झुकून. उत्तरेकडे ट्रायपॉडचा पाय असेल तर वजन त्याला घासतं. लक्ष्य मध्यान्हापाशी असताना दांडी आडवी असते, म्हणून काहीच कळत नाही. लक्ष्य मध्यान्ह ओलांडून पश्चिमेला खाली उतरलं की वजन पायाला टेकतं, मोटार अडते आणि आरएमध्ये लांब शेपट्या येतात. हेही ‘पहिला तास चांगला’ याच साच्यातलं दुखणं. वजन दांडीवर वर सरकवून बघा. तोल त्यामुळे गेला तर एक वजन आणखी लावा, पण दांडीच्या टोकाला एकच वजन लोंबकळत ठेवू नका. माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये बसणारा छोटा खांब मिळत असेल तर तो सगळ्यात चांगला उपाय. उत्तरेला पायाऐवजी दोन पायांमधली मोकळी जागा ठेवूनही वजनाला वाट मिळते, पण माउंटचं डोकं भाराने उत्तरेकडेच झुकलेलं असल्याने अशा वेळी ट्रायपॉड पूर्ण फाकवून पक्का करणं भाग आहे.

उंची बदलायच्या बोल्टची काळजी घ्या. भार चढवलेला असताना तो जोर लावून फिरवला की वाकतो किंवा त्याचे आटे जातात. नळीला एका हाताने आधार देऊन थोडं थोडं फिरवा. शेवटची हालचाल नेहमी वर उचलण्याच्या दिशेने करा म्हणजे फट शिल्लक राहत नाही. ती फट राहिली तर रात्री माउंट आपल्या भाराने खाली बसतो आणि लक्षणं हुबेहूब जमीन खचल्यासारखी दिसतात.

तिसरी गोष्ट आपल्या आकाशाची खासियत आहे. कृत्तिका, म्हणजे एम ४५, आपल्याकडे माथ्यापासून साधारण तीन अंशांवरून जाते. वृषभातला खेकडा तेजोमेघ, एम १, तर जवळजवळ नेमका माथ्यावरून. नळी सरळ वर उभी झाली की मागे लावलेला कॅमेरा, फिल्टरचं चाक, लोंबणाऱ्या केबल सगळं ट्रायपॉडच्या पायांत येतं. अंधारात टेकल्याचं समजत नाही, फक्त फ्रेम बिघडतात. दिवसाउजेडी एकदा क्लच सैल करून नळी हाताने कृत्तिकेच्या जागेवरून पूर्व-पश्चिम फिरवून बघा. टेकत असेल तर मेरिडियन फ्लिप (मध्यान्हापाशी नळी माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवणं) थोडा आधी लावा. मृगातला मोठा तेजोमेघ, एम ४२, ६३-६४ अंशांपर्यंतच चढतो, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. म्हणून पुष्कळ जणांना एम ४२ नीट जमतो आणि कृत्तिका जमत नाही.

केबल, लवणं, दव

गायडिंगचा आलेख सरळ, आरएमएस (गायडिंगची सरासरी चूक) चांगला, तरी फोटोतले तारे ताणलेले. ही तक्रार आली की गायड स्कोपचा, म्हणजे गायडिंगच्या छोट्या दुर्बिणीचा, पट्टा बघा. प्लॅस्टिकच्या टोकाच्या तीन-तीन स्क्रूंच्या कड्यांत बसवलेला स्कोप नळी कलली की सूतभर लवतो. गायड कॅमेरा त्याचा तारा धरून ठेवतो, पण मुख्य नळी भलतीकडे पाहू लागते. एका कड्याऐवजी दोन कडी, आणि स्कोप थेट नळीला बोल्टने आवळलेला, एवढ्याने बहुतेकदा भागतं. फोकसरची कळही आवळा. जड कॅमेरा त्याला खाली ओढतो.

केबल माउंटच्या डोक्यापाशी एकत्र बांधा आणि तिथून एकच जुडगा खाली सोडा. प्रत्येक केबल वेगळी लोंबत असेल तर एखादी बॅटरीच्या पेटीत किंवा खुर्चीच्या पायात अडकणारच. रात्री थंडीने केबल ताठ होतात आणि संध्याकाळी न ओढणारी केबल दोन वाजता ओढते.

तोल अगदी बरोबर साधू नका. आरएमध्ये पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा म्हणजे वर्मचे दात एका अंगाला टेकलेले राहतात. फ्लिपनंतर पूर्वेची बाजू बदलते. रात्रभर एका जागी राहणारा तोल हवा असेल तर हे लक्षात घ्यावं लागेल.

दवाने तारे लांबट होत नाहीत, फुगतात आणि फिके पडतात. पण गायड स्कोपच्या भिंगावर दव बसलं की गायड तारा पुसट होतो, सॉफ्टवेअर गोंधळतं आणि मग मुख्य फोटोत ओढलेले तारे येतात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ठिबक चालू असलेल्या बागेशेजारी दव लवकर आणि जोरात पडतं. धुळ्याच्या माळावर त्या मानाने कमी. मुख्य नळीला हीटर लावून गायड स्कोपला विसरणारे खूप आहेत. दोन्हींना लावा. दिवसाचं तीस अंश आणि पहाटेचं दहा-बारा, एवढ्या फरकात फोकसही सरकतो, म्हणून दर तासाला बाहतिनोव मास्क (फोकस तपासायची खाचांची चकती) लावून तपासणं आलंच.

साक्रीच्या ब्राह्मणवेलकडे पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगाच नाहीत. त्या पठारावर बसायचं तर गाडी वाऱ्याच्या बाजूला आडवी लावा आणि ड्यू शील्ड (नळीच्या तोंडावरचं दव अडवणारं नळकांडं) आखूड ठेवा. वाऱ्याचे तारे कोणत्याही एका दिशेला ताणलेले नसतात, त्यावरून ते ओळखू येतात.

कोपऱ्यातलेच तारे बिघडत असतील

मध्यभागी गोल आणि चारही कोपऱ्यांत लांबट, तेही पहिल्या फ्रेमपासून, तर फ्लॅटनर आणि सेन्सरमधलं अंतर चुकलंय. बहुतेक फ्लॅटनरना ५५ मिलिमीटर लागतात. मध्ये फिल्टर असेल तर त्याच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतर वाढवा. २ मिलिमीटरच्या फिल्टरला सुमारे ०.७. तारे केंद्राकडे तोंड करून ताणलेले असतील तर साधारणपणे सेन्सर फार जवळ आहे, केंद्राभोवती गोल फिरल्यासारखे दिसले तर फार लांब. एकाच बाजूचे दोन कोपरे बिघडले असतील तर कॅमेरा तिरका बसला आहे. अ‍ॅडॉप्टरचे आटे पुसून पुन्हा बसवा, धुळीचा एक कणही तिथे पुरतो.

हे सगळं करूनही सुटलं नाही आणि कुणा जाणकाराला विचारायचं झालं, तर स्टॅक करून (अनेक फ्रेम एकत्र करून) रंगवलेला फोटो पाठवू नका, त्यातून काहीच निदान होत नाही. एक चांगली आणि एक बिघडलेली अशा दोन कच्च्या फ्रेम, दोन्हींची वेळ, त्या वेळी नळी कोणत्या दिशेला होती, आरएच्या शेपटीचा तो फोटो, जमिनीसकट ट्रायपॉडच्या पायांचा फोटो, माउंटपाशी मोजलेला व्होल्टेज, आणि पीएचडी-टूचा त्या रात्रीचा पूर्ण लॉग पाठवा. लॉगचा स्क्रीनशॉट नको, फाइल हवी. कॅलिब्रेशन कधी आणि आकाशाच्या कोणत्या भागात केलं होतं, ते फाइलमध्येच असतं.